दीड टक्क्याचं देणं

दाढेवर बसवलेली कॅप आणि खालचा दात यांच्या कडेला किती फट चालते? लंडनचे दंतवैद्य जॉन मॅक्लीन आणि त्यांचे सहकारी फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली याचं उत्तर दिलं. पाच वर्षांच्या काळात हजारावर कॅपा आणि इनले (दाताच्या खड्ड्यात बसवायचे तयार तुकडे) तपासून त्यांनी काढलेला आकडा होता १२० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर ही फट दोन केसांचीही नाही. त्यापेक्षा मोठी झाली की कडेचं सिमेंट लाळेत हळूहळू विरघळतं, मोकळ्या जागेत जंतू घर करतात आणि काही वर्षांनी कॅपखालचा दात किडून पोखरलेला निघतो. रुग्ण म्हणतो, कॅप खराब निघाली. कॅपेला काहीही झालेलं नसतं.

आता ही कॅप तयार कशी होते ते पाहू. डॉक्टर दात चारी बाजूंनी घासून बारीक करतात आणि रबरासारख्या पदार्थात त्याचं माप घेतात. लॅबमध्ये त्या मापात जिप्समचं मिश्रण ओतून दाताची प्रतिकृती काढतात. तिच्यावर मेणाची कॅप घडवतात, मेणाभोवती उष्णता सोसणारा साचा ओततात, भट्टीत मेण जाळून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत वितळलेला धातू सोडतात. दाताचा आकार एवढ्या पदार्थांच्या हाती सोपवला जातो, आणि यातला एकही पदार्थ आपल्या मापाला धरून राहत नाही. कुणी थंड होताना आकसतो, कुणी घट्ट होताना फुगतो, तर कुणी नुसता टेबलावर पडल्या पडल्या आटतो. दंतपदार्थांच्या पाठ्यपुस्तकांत ताकद, रंग, विषारीपणा यांची कोष्टकं पानोपानी असतात. ती महत्त्वाची आहेतच. पण या शास्त्राचा कणा मला दुसरीकडेच दिसतो: कोणता पदार्थ किती आकसला, आणि ते देणं फेडायला दुसरा कोणता किती फुगवायचा. दंतलॅबचं सगळं कसब या खतावणीत आहे.

सुरुवात मापापासून. कवळीसाठी किंवा वेडेवाकडे दात सरळ करण्याआधी जे माप घेतात, ते बहुतेक वेळा अल्जिनेटचं असतं. पाण्यात कालवलेली पावडर ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात. दोन-तीन मिनिटांत तिचा लवचिक, थंडगार गोळा होतो. हा पदार्थ तपकिरी समुद्री शेवाळातून येतो. ब्रिटिश रसायनज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून तो वेगळा काढला. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या खडकांवर दिसणारं सारगॅसम याच तपकिरी कुळातलं. भारतात अल्जिनेटसाठी लागणारं शेवाळ मुख्यतः तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून गोळा होतं.

अल्जिनेट दंतवैद्याच्या हाती आलं ते मात्र युद्धामुळे. त्याआधी तोंडाचं लवचिक माप घ्यायला अगर वापरत. तोही शेवाळातूनच येतो, लाल शेवाळातून. व्हिएन्नाचे आल्फॉन्स पोलर यांनी १९२५ साली मापासाठी त्याचा वापर सुचवला. अगरचा गुण असा की तो वितळतो पाण्याच्या उत्कलनबिंदूजवळ, पण पुन्हा गोठतो शरीराच्या तापमानाच्या जरा वर. त्यामुळे तोंड न भाजता पातळ अवस्थेत तो आत नेता येतो. पण अगरचा मोठा पुरवठा जपानकडून व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात तो थांबला, आणि अमेरिका-ब्रिटनला आपल्या किनाऱ्यांवरच्या शेवाळाची आठवण झाली.

अल्जिनेटच्या डब्यातलं रसायन साधं असलं तरी चतुर आहे. पावडरीत सोडियम किंवा पोटॅशियमचं अल्जिनेट असतं, ते पाण्यात विरघळतं. त्याला कॅल्शियम मिळालं की अविद्राव्य कॅल्शियम अल्जिनेटचं जाळं तयार होतं. म्हणून पावडरीत कॅल्शियम सल्फेटही घातलेलं असतं. पण दोन्ही एकत्र भिजले की मिश्रण वाटीतच गोठायचं. यावर उपाय म्हणून चिमूटभर ट्रायसोडियम फॉस्फेट टाकतात. कॅल्शियमची फॉस्फेटशी जास्त जवळीक, त्यामुळे फॉस्फेट संपेपर्यंत ते अल्जिनेटकडे फिरकत नाही. डॉक्टरांना ट्रे भरून तोंडात न्यायला जी मिनिट-दोन मिनिटं मिळतात, ती या फॉस्फेटची देणगी. उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट येतं तेव्हा ही मुदत आणखी घटते. अनुभवी सहायक मे महिन्यात पावडर फ्रिजमधल्या पाण्यात कालवतात ते यासाठी.

गोठलेल्या अल्जिनेटचा बराचसा भाग पाणीच असतो, आणि तोच त्याचा दुबळेपणा. हवेत ठेवलं की पाणी उडतं आणि माप आकसतं. पाण्यात बुडवलं तर पाणी शोषून फुगतं. दमट फडक्यात गुंडाळलं तरी जाळं स्वतःहून आवळत जातं आणि पाणी घामासारखं बाहेर ढकलतं. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत त्यात जिप्सम ओतावं, असा दंडक आहे. हा दंडक मोडण्याची सगळ्यात सामान्य जागा म्हणजे स्कूटरची डिकी. क्लिनिकमधून सकाळी घेतलेली मापं दुपारी लॅबचा मुलगा घेऊन जातो आणि संध्याकाळी ती ओतली जातात. कवळी दोनदा घासूनही टोचत राहते, तेव्हा दोष बऱ्याचदा त्या डिकीत असतो.

कॅपसाठी अल्जिनेट चालतच नाही, तिथे सिलिकॉन लागतं. सिलिकॉनचेही दोन वंश आहेत आणि त्यांच्यातला फरक नेमका आकसण्याचाच आहे. १९५० च्या दशकात आलेल्या पहिल्या प्रकारात साखळ्या एकमेकींना जोडताना अल्कोहोलचा रेणू बाहेर पडतो. तो मापातून उडून जातो आणि जेवढं वस्तुमान गेलं तेवढं माप लहान होतं. १९७० च्या दशकातल्या दुसऱ्या प्रकाराला ॲडिशन सिलिकॉन म्हणतात. त्यात प्लॅटिनमच्या संयुगाच्या मदतीने साखळ्या थेट जुळतात आणि मागे काहीही उरत नाही. असं माप आठवडाभर ठेवून ओतलं तरी चालतं, आणि एकाच मापातून दुसरी प्रतिकृतीही काढता येते. आज चांगल्या क्लिनिकमध्ये दोन रंगांच्या डब्यांतून समान चमचे घेऊन मळतात ती पुटी बहुधा याच जातीची.

तिचे नखरे मात्र वेगळे. लेटेक्सचे हातमोजे घालून ती मळली तर घट्टच होत नाही, चिकट राहते, कारण लेटेक्समधला गंधक प्लॅटिनमला निकामी करतो. काही मिश्रणांतून थोडा हायड्रोजन सुटतो, आणि माप घेतल्या घेतल्या ओतलं तर प्रतिकृतीच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे उठतात. सगळ्यात गंमतीची गोष्ट तापमानाची. तोंडात गरम असलेलं माप बाहेर येऊन थंड झालं की आकसणारच. पण ते ट्रेला घट्ट चिकटलेलं असलं तर ट्रेच्या दिशेने, म्हणजे दातापासून दूर आकसतं. परिणामी दाताच्या जागेची पोकळी मोठी होते आणि त्यातून निघणारा दात मूळ दाताहून जरासा जाड निघतो. कॅपेला हे सोयीचं असतं. एकदा तरी चूक आपल्या बाजूने पडते.

मापानंतर जिप्सम. राजस्थानातल्या नागौर, बिकानेर भागातल्या खाणींतून देशाचं बहुतेक जिप्सम येतं. ते भाजून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडवलं की प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं. पेणच्या मूर्तिकारखान्यांत पोत्यांनी उतरतं तेच. उघड्या कढईत भाजलेल्या प्लॅस्टरचे कण वेडेवाकडे, सच्छिद्र असतात. तेच खनिज बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली तापवलं तर कण घट्ट आणि सुबक निघतात. लॅबमध्ये त्याला स्टोन म्हणतात. पिवळा, गुलाबी, हिरवा असे रंग त्यात ओळखीसाठी घालतात. दोन्हींचं रासायनिक सूत्र एकच, पण स्टोनला पाणी कमी लागतं. १०० ग्रॅम पावडरीला पुन्हा दगड व्हायला प्रत्यक्षात फक्त १८.६ मिलिलिटर पाणी पुरतं. तेवढ्यात ती कालवताच येत नाही, म्हणून प्लॅस्टरला ४५ ते ५० आणि स्टोनला ३० च्या आसपास घालावं लागतं. कॅपच्या प्रतिकृतीसाठी लागणारा डाय स्टोन मात्र २० ते २४ मध्ये भागवतो. जास्तीचं पाणी सुकून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. ‘जरा पातळ असू दे, चांगलं वाहतं’ म्हणत अंदाजाने पाणी ओतणारा टेक्निशियन प्रतिकृतीची ताकद नळाखाली धुऊन टाकत असतो.

जिप्सम घट्ट होताना फुगतं, आणि यातही एक कोडं आहे. पावडर आणि पाणी यांचं मिळून जे घनफळ असतं, त्यापेक्षा तयार झालेल्या स्फटिकांचं घनफळ कमी भरतं. म्हणजे हिशोबाने ते आकसायला हवं. पण सुईसारखे स्फटिक वाढताना एकमेकांना टेकतात, ढकलतात आणि सगळा ढाचा बाहेरच्या बाजूला रेटतात. आत पोकळ्या उरतात, बाहेरून मात्र वस्तू मोठी झालेली असते. डाय स्टोनमध्ये ही वाढ एक दशांश टक्क्याच्या आसपास असते, साध्या प्लॅस्टरमध्ये तिच्या दुप्पट-तिप्पट. घट्ट होत असताना बाहेरून पाणी मिळालं तर स्फटिकांना वाढायला आणखी वाव मिळतो आणि फुगणं वाढतं. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग आहे.

आता मेण. दंतलॅबमधल्या सगळ्या पदार्थांत तापमानाला सर्वांत जास्त बिथरणारा हाच. अंशाअंशाने फुगतो आणि आकसतो. शिवाय वाकवून बसवलेलं मेण आपला जुना आकार आठवून रात्रीत सरळ व्हायला बघतं. म्हणून मेणाची कॅप घडवल्यावर ती दुसऱ्या दिवसावर ठेवत नाहीत. तिला लगेच स्प्रूची काडी लावतात (हिच्याच जागेतून पुढे धातू आत येतो), धातूच्या नळकांड्यात बसवतात आणि वरून इन्व्हेस्टमेंट, म्हणजे साच्याचं मिश्रण ओततात.

मेण जाळून त्या जागी धातू ओतायची कला जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मूर्ती ओतायची ही कृती दिली आहे. मेणावर मातीचे थर कसे द्यायचे, ते कसे सुकवायचे आणि मेणाच्या वजनावरून धातूचं वजन कसं काढायचं, हे सगळं त्यात येतं. दंतवैद्यकात ती रुजवण्याचं श्रेय शिकागोच्या विल्यम टॅगर्ट यांना मिळालं. त्यांनी १९०७ साली न्यूयॉर्कमधल्या दंतवैद्यांसमोर आपलं ओतयंत्र मांडलं आणि त्यावर पेटंट घेतलं. दंतवैद्यांनी ते वापरायला सुरुवात केल्यावर ते स्वामित्वशुल्क मागू लागले आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथे आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावच्या बी. एफ. फिलब्रुक यांचा १८९७ चा निबंध पुढे आला. त्यांनी हीच पद्धत दहा वर्षं आधी लिहून ठेवली होती, पण ती कुणी मनावर घेतली नव्हती. टॅगर्ट यांचं पेटंट रद्द झालं.

सोमेश्वराच्या मूर्तिकाराला जो प्रश्न पडला नव्हता, तो टॅगर्ट यांच्या कॅपांनी उभा केला. वितळलेलं सोनं थंड होताना तीन टप्प्यांत आकसतं: पातळ असताना, गोठताना आणि गोठल्यावर खोलीच्या तापमानापर्यंत येताना. पहिल्या दोन टप्प्यांतली तूट स्प्रूमधून येणारा ताजा रस भरून काढतो. तिसऱ्याची भरपाई करायला कुणी नसतं. सोन्याच्या मिश्रधातूसाठी हे आकसणं साधारण दीड टक्का आहे. मीटरभर उंच मूर्तीत दीड टक्का म्हणजे पंधरा मिलिमीटर. देव थोडा ठेंगणा झाला तर भक्ताला कळत नाही. दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेत दीड टक्का म्हणजे १५० मायक्रॉन, आणि तेवढ्याने लहान झालेली कॅप दाढेवर उतरतच नाही. टॅगर्ट यांच्या सुरुवातीच्या ओतीव कामांचं दुखणं हेच होतं.

देणं फेडायचं कुठून? धातूला न आकसायला सांगता येत नाही. म्हणून साचाच दीड टक्का मोठा करायचा ठरलं. हे काम सिलिकाने केलं, म्हणजे वाळूतल्या मूळ द्रव्याने. सिलिकाची स्फटिकरूपं तापवल्यावर एका ठरावीक तापमानाला आपली रचना बदलतात आणि एकदम फुगतात. क्वार्ट्झ हे ५७३ अंश सेल्सिअसला करतं, क्रिस्टोबलाइट २०० ते २७० च्या दरम्यान. इन्व्हेस्टमेंट म्हणजे बांधून धरायला जिप्सम आणि फुगायला सिलिका. भट्टीत जिप्सम पाणी गमावून आकसू लागतं, पण सिलिका ती तूट भरून वर एक-सव्वा टक्का देते. उरलेलं येतं जिप्समच्या घट्ट होताना फुगण्यातून. ते कमी पडलं तर साचा घट्ट होत असतानाच नळकांडं कोमट पाण्यात ठेवतात. स्फटिक वाढायला आणखी जागा घेतात, आणि मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट इथे कामाला येते.

एक अडचण उरते. धातूचं नळकांडं एवढं फुगू देत नाही, त्यामुळे साचा बाहेर न जाता आत, मेणाच्या अंगावर फुगेल. म्हणून नळकांड्याला आतून दबणारं अस्तर लावतात. अनेक दशकं हे अस्तर ॲस्बेस्टॉसचं होतं. टेक्निशियन ते कात्रीने कापायचे आणि बोटांनी बसवायचे. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसांचं काय करतात हे कळल्यावर त्याची जागा सेल्युलोज आणि सिरॅमिकच्या कागदाने घेतली.

दीड टक्क्याचा हा हिशोब बसतो न बसतो तोच सोनं महागलं. १९७१ साली अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि पुढच्या दशकात लॅब निकेल-क्रोमियमकडे वळल्या. भारतात ‘मेटलची कॅप’ म्हणून जी बसते, ती आजही बहुधा याच कुळातली. पण निकेल-क्रोमियम दीड नव्हे, सव्वादोन टक्क्यांच्या वर आकसतं. देणं एकदम दीडपट झालं. शिवाय ते वितळतं १३०० अंशांच्या आसपास, आणि जिप्समचा साचा ७०० च्या वर मोडू लागतो, गंधकाचे वायू सोडतो. मग मॅग्नेशिया आणि फॉस्फेटने बांधलेली इन्व्हेस्टमेंट आली. ती पाण्यात न कालवता सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या एका द्रवात कालवतात. द्रव नुसता घातला तर साचा जास्त फुगतो, त्यात पाणी मिसळलं तर कमी. कॅप सैल आली की टेक्निशियन द्रवात पाणी वाढवतो, घट्ट आली की कमी करतो. धातूचा ब्रँड बदलला की हे सगळं नव्याने जमवावं लागतं.

ओतकाम सोपं व्हावं म्हणून अशा काही मिश्रधातूंत बेरिलियमही घालत. त्याची धूळ फुफ्फुसाचा असाध्य आजार देते. त्याचा धोका कॅप घासणाऱ्याला, कॅप मिरवणाऱ्याला जवळपास नाही. दंतवैद्य कायदा, १९४८ ने ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून ज्यांची स्वतंत्र नोंद केली, त्या माणसांना रुग्ण जन्मात भेटत नाही. पंख्याखाली, तोंडाला रुमाल बांधून काम करणाऱ्या गल्लीबोळांतल्या लॅब पाहिल्या की कॅपेची किंमत बिलाबाहेरही कुणीतरी मोजत असतं, हे दिसतं.

धातूची कॅप बळकट, पण हसताना दिसते. दातासारखी दिसणारी कॅप चिनीमातीची, म्हणजे पोर्सेलिनची. डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी १९०३ च्या सुमारास अख्खी पोर्सेलिनची कॅप बसवली. १९२७ साली एकट्याने अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांचा नातू. पोर्सेलिन भाजताना कण एकमेकांत वितळून पोकळ्या मिटतात आणि घनफळ जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटतं. इथे साच्याची युक्ती चालत नाही, कारण पोर्सेलिन कुंचल्याने थर देत हाताने चढवायचं असतं. मग टेक्निशियन दात मुद्दाम थोराड रंगवतो, भाजतो, पुन्हा भर घालतो, पुन्हा भाजतो. इथलं देणं नजरेनेच फिटतं.

नुसतं पोर्सेलिन ठिसूळ, म्हणून ते धातूवर चढवायचं ठरलं, आणि वेगळंच भांडण सुरू झालं. धातू तापमानाला जास्त आकसतो, पोर्सेलिन कमी. भट्टीतून काढल्यावर थर तडकून उडायचा. १९६२ साली वाइनस्टीन आणि सहकाऱ्यांच्या पेटंटांनी तोडगा काढला. पोर्सेलिनमध्ये पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारचं प्रमाण वाढवलं की भाजताना ल्युसाइट नावाचे स्फटिक तयार होतात, आणि ते तापमानाला खूप फुगतात-आकसतात. त्यांचं प्रमाण बेतून पोर्सेलिनला धातूच्या जवळ आणता येतं. अगदी बरोबरीत आणत नाहीत. धातू किंचित जास्त आकसेल असं ठेवतात. मग थंड झालेलं पोर्सेलिन कायम दाबाखाली राहतं, आणि ताणाला फुटणारा हा पदार्थ दाब मजेत सोसतो.

अलीकडे झिर्कोनिया या सिरॅमिकने हे सगळं बाजूला सारायला सुरुवात केली आहे. अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून संगणकाच्या आज्ञेवर चालणारं यंत्र कॅप कोरून काढतं. मग ती १४५० ते १५०० अंशांना तासन् तास भाजतात. या भट्टीत ती रेषीय मापात २० ते २५ टक्के आकसते. सोन्याच्या दीड टक्क्याला घाबरणाऱ्या माणसाला हा आकडा भयंकर वाटावा. पण हे आकसणं सगळ्या बाजूंनी सारखं आणि आधी ठाऊक असलेलं असतं. प्रत्येक ठोकळ्यावर त्याच्या उत्पादनगटाचा गुणक छापलेला असतो. तो संगणकाला दिला की यंत्र कॅप तेवढीच मोठी कोरतं. दीड टक्क्याशी झगडण्यात अर्धं शतक गेलं आणि पंचवीस टक्क्यांचा प्रश्न एका छापील आकड्याने सुटला. देणं किती मोठं यापेक्षा ते किती नेमकं ठाऊक आहे, याला इथे जास्त किंमत आहे.

झिर्कोनिया फुगण्याचाही उपयोग करतो, आणि मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना स्फटिकरचना बदलून चार-पाच टक्क्यांनी फुगतो आणि स्वतःच्या ठिकऱ्या उडवतो. त्यात थोडा इट्रिया मिसळला की तो जुन्या, आटोपशीर रचनेतच अडकून राहतो. पुढे चावताना कुठे तडा सुरू झाला, तर तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक ताणामुळे सुटतात, फुगतात आणि तड्यालाच चिमटीत धरतात. ऑस्ट्रेलियातल्या गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं, तेव्हा मातीच्या भांड्यांचा हा भाऊबंद पोलादाशी तुलना करण्याजोगा ठरला.

लॅबमध्ये निदान दुसरी संधी तरी असते. थेट तोंडात भरायच्या पदार्थांना ती नाही. ‘दाढेत चांदी भरली’ म्हणतात ते मिश्रण, अमाल्गम, म्हणजे चांदी, कथिल आणि तांबं यांची पूड आणि जवळपास तेवढाच पारा. पारा कणांत शिरताना आकसतं, नवे स्फटिक वाढताना फुगतं. एकोणिसाव्या शतकात नाणी किसून पाऱ्यात कालवत, तेव्हा भरलेली चांदी फुगून दाढ चिरल्याच्या तक्रारी होत्या. शिकागोत काम करणारे जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९० च्या दशकात सूक्ष्ममापक लावून एकेक मिश्रण तपासलं आणि चांदी-कथिलाचं असं प्रमाण काढलं की बेरीज-वजाबाकी शून्याजवळ यावी. १९१९ साली अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या दातांसाठी कोणतं अमाल्गम घ्यावं असं तिथल्या मानक ब्यूरोला विचारलं. त्या तपासणीतून पुढे दंतपदार्थांची पहिली प्रमाणकं आली, आणि त्यांत मापातल्या बदलालाही मर्यादा घातलेली होती. तरी जस्त असलेल्या मिश्रणाने चकवलं. जुने डॉक्टर ते तळहातावर मळत. घामाचं पाणी जस्ताशी भिडून आत हायड्रोजन तयार होई आणि तीन-चार दिवसांनी भरलेली चांदी उठून बसे. फुगणं चार टक्क्यांपर्यंत जाई. रुग्ण ठणकणारी दाढ धरून परत येई आणि कुणालाच कारण समजत नसे. आता पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारामुळे पाऱ्याची ही चांदी मागे पडते आहे. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून मोजके अपवाद सोडून ती बंदच केली.

तिच्या जागी आलेलं दाताच्या रंगाचं कंपोझिट फक्त आकसतं. राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये पेटंट घेतलेल्या रेझिनचे रेणू आधी एकमेकांपासून सुटे असतात. निळा प्रकाश पडला की हात धरतात आणि जवळ येतात. घनफळ दोन-तीन टक्क्यांनी घटतं. इकडे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलेल्या आम्लाच्या युक्तीमुळे ते दाताला घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून आकसताना दाढेच्या भिंती आत ओढतं. भरल्यानंतर चावताना येणारी कळ कित्येकदा याचीच असते. उपाय म्हणून दोन मिलिमीटरचे थर देत, तिरके लावत भरतात. पूर्ण इलाज अजून नाही. जाहिरातीत ‘आकसत नाही’ लिहिलेल्या नळीकडे मी तरी संशयाने बघतो.

आकसण्याचं हे देणं कवळीलाही चुकलेलं नाही. तिचं ॲक्रिलिक १९३७ पासून वापरात आहे. त्याचा नुसता द्रव घट्ट केला तर २१ टक्के आकसेल. म्हणून आधीच घट्ट केलेली पूड तीन भाग आणि द्रव एक भाग घेतात, आणि आकसणं सात टक्क्यांवर येतं. हा द्रव १०० अंशांना उकळतो, त्यामुळे घाईने शिजवलेल्या कवळीत बुडबुडे राहतात. वरच्या कवळीची टाळ्याकडची मागची कड थंड होताना उचलली जाते, म्हणून प्रतिकृतीवर त्या जागी आधीच थोडं खरवडून ठेवतात.

परत कॅपेकडे. मापापासून धातूपर्यंत सगळे हिशोब जुळले आणि कॅप दाताच्या अगदी मापाची निघाली, तर ती बसत नाही. आत सिमेंट लावून दाबली की ते पळायला जागा शोधतं. ती न मिळाल्यास कॅप वरच अडकते आणि रुग्ण चावून बघताच म्हणतो, ‘डॉक्टर, उंच लागतेय.’ प्रमाणकांनुसार चिकटवायच्या सिमेंटचा थर २५ मायक्रॉनपर्यंत पातळ व्हायला हवा, त्यापेक्षा बारीक फटीत तो धड शिरत नाही. त्यामुळे मेण चढवण्याआधी टेक्निशियन जिप्समच्या दातावर नखांच्या रंगासारख्या वार्निशचे एक-दोन हात देतो, २० ते ४० मायक्रॉनचे. कॅप तेवढी सैल होते. फक्त खालच्या कडेला, जवळपास मिलिमीटरभर पट्ट्यात, तो कुंचला लावत नाही. मॅक्लीन यांचे १२० मायक्रॉन तिथेच मोजले जातात.